हरणीला शिंगं नसतात

जामखेड
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. राजेश्वरी,
सप्रेम जयभीम.

हरणीला शिंगं नसतात. निदान आपल्या काळविटाच्या हरणीला तरी नसतात. परवा दुपारी वनरक्षक ज्ञानेश्वरीताईंनी मला माळावर नेलं, दुर्बीण हातात दिली आणि ही गोष्ट पक्की करून दिली. मी सतरा माद्या मोजल्या. एकीच्याही डोक्यावर शिंग नव्हतं.

पस्तीस वर्षं मी हरणं रंगवतोय. शाळा झाल्या, दवाखाने झाले, एक पिठाची गिरणी झाली, ट्रकांचे मागचे फळके तर किती झाले असतील. सगळ्या कळपाला शिंगं, आणि तीही झाडासारखी फांद्या फुटलेली. आता कर्जतकडच्या काळवीट अभयारण्याच्या नाक्यावरचा बोर्ड मला मिळाला, तर त्यावरही तसलंच एक झोकात काढून दिलं. ताईंनी बोर्ड बघितला, माझ्याकडे बघितलं, परत बोर्ड बघितला.

"काका, हे जनावर कुठलं?"

"हरीण."

"आपल्याकडं नसतंय असलं. आपल्या काळविटाची शिंगं पिळाची, ती बी नरालाच. तुम्ही कधी बघितलं न्हाई का?"

"बघितलंय की. कॅलेंडरवर."

एवढ्या हसल्या की डोक्यावरची टोपी खाली पडली. तुझ्याच वयाची पोरगी आहे, दोन-तीन वर्षं इकडंतिकडं. मग म्हणाल्या, चला, दाखवते. आणि दाखवलंच.

खरी बातमी पुढे आहे. तिथे माहितीची एक खोली बांधली आहे. आतली मोठी भिंत कोरी आहे, अठरा फूट बाय आठ. तिच्यावर माळरान पाहिजे आणि माळरानात जनावरं पाहिजेत. ताईंचे शब्द असे : "जनावरं माळात पायजेत, काका. माळावर चिकटवलेली नकोत." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. निवडणुकीचा निकाल लागला की काम सुरू, जानेवारी संपायच्या आत पुरं.

मला सत्तावन्नावं चालू आहे. परवापासून जेवणावर लक्ष नाही. तुझी आई म्हणते, "लगीन ठरल्यावानी करताय." प्रचार जोरात आहे, पण भिंती रंगवायला आता कोण बोलावतं? सगळा फ्लेक्सचा कारभार. आणि अशा वेळी मला अठरा फूट भिंत मिळते, तीही अक्षरांची नाही, चित्राची!

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून हे पत्र. तुझा पुण्याचा पत्ता आईने दिला. दिला नाही, असं समज. तुम्ही दोघी रोज बोलता हे मला माहीत नाही, असं मीही समजतो. ती गोठ्यामागे जाऊन बोलते आणि शेळीशी बोलत होते म्हणून सांगते.

एक विचारायचं होतं. आत्ताचं माळावरचं गवत कुठल्या रंगाचं म्हणायचं? पिवळा डबा उघडून बघितला, तो नाही. तपकिरी बघितला, तोही नाही. तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. नाही सांगितलंस तरी चालेल.

बिभीषण
(तुझे वडील)


जामखेड
रविवार, १ डिसेंबर २०२४

चि. राजेश्वरी,
सप्रेम जयभीम.

माळावर उभ्या असलेल्या जनावराचे खूर दिसत नाहीत. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पाच सकाळी पोटावर पडून मी स्वतः बघितलं आहे. गवत गुडघ्यापर्यंत असतं, त्यात पाय बुडालेले असतात. मी मात्र आजवर प्रत्येक जनावराचे चारही खूर नेटके, दोन-दोन फाकांचे, पॉलिश केल्यासारखे काढले. गिऱ्हाईक खूर मोजून घ्यायचं.

रोज पहाटे मोटरसायकल काढतो. उजाडताना तिथे पोहोचतो. ताईंनी एक हिवराचं झाड दाखवून ठेवलं आहे, त्याच्या बुडाशी पडून राहायचं, पुढे सरकायचं नाही. पहिल्या दिवशी मला तासभर काहीच दिसलं नाही. नुसता माळ. मग एका ठिकाणी गवताने कान हलवला. तिथे मादी बसली होती. तिच्या शेजारी दुसरी. त्यांच्यामागे तिसरी. राजेश्वरी, माझ्या समोर अकरा जनावरं बसलेली होती आणि मी त्यांच्याकडे बघत बघत तंबाखू मळत होतो!

आणि नर! तो काळा नाहीच. म्हणजे काळा आहे, पण ऊन पाठीवर आलं की काळ्यातून तपकिरी निघतो, आणि उन्हाच्या उलट्या अंगाला निळा. डोळ्याभोवती पांढरं कडं, जणू चुन्याचं बोट फिरवलं आहे. तो मान मागे टाकून चालतो तेव्हा शिंगं पाठीला लागतात. मी तिथेच वहीत काढायला गेलो आणि पाच पानं फाडली. अक्षर काढताना मी कधी पान फाडलेलं तुला आठवतं का?

आता वाईट बातमी. घरी प्लायवूडवर सराव केला. आधी कडेने काळी रेघ, मग आत रंग, मग खाली सावली, आपल्या रिवाजाप्रमाणे. आई दारातून बघत होती.

"जनावर उभं केलंय का खुंटीला टांगलंय?"

"का?"

"खाली जमीनच न्हाई त्याच्या. मागं गवत हाय, म्होरं जनावर हाय. आत कुठं हाय त्ये?"

तिसरी शिकलेली बाई. पण बरोबर बोलली. मी काढलेलं हरीण दुकानाच्या अक्षरासारखं होतं, लांबून वाचता यावं म्हणून काढलेलं. खरं हरीण वाचता येऊ नये म्हणूनच तशा रंगाचं असतं. हे मला या वयात कळतंय.

अक्षरं काढताना हात टेकायची काठी सोडून दिली आहे. गवत काठीवर हात टेकवून येत नाही, ते खांद्यातून यावं लागतं. आणि त्याला नवा ब्रश चालत नाही. झिजून केस फाकलेला, आपण फेकून देतो तसला पाहिजे. एका ओढीत सात-आठ पाती निघतात. फेकलेले सगळे ब्रश मी परत शोधून आणले. आईने एकाने चूल सारवायला घेतली होती, तोही काढून घेतला. दोन दिवस बोलत नव्हती.

हे सगळं मला एका पुस्तकातून कळतंय. जुनं आहे, पण फार चांगलं आहे. त्याबद्दल पुढे कधी लिहीन.

बिभीषण


जामखेड
रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. राजेश्वरी,
सप्रेम जयभीम.

तुझा निरोप पोहोचला. काल दुपारी आई गोठ्यामागून सरळ माझ्यापुढे आली, शेळीचं नाव न घेता, आणि म्हणाली, "पोरगी म्हणती, क्षितिजाला सूत मारलंय का म्हणावं अण्णांनी."

म्हणजे आईने भिंतीचा फोटो तुला पाठवला होता. आणि तू तो बघितलास.

हो, मारलं होतं. दोन खिळे ठोकले, दोरीला खडू लावला, ताणली आणि टण्णकन सोडली. अठरा फूट सरळ ओळ. अक्षरं ओळीत बसावीत म्हणून आपण मारतो तशीच. हात आपोआप दोरीकडे गेला. तुझा निरोप ऐकला आणि मी एकटाच हसत बसलो. आई म्हणाली, यात हसण्यासारखं काय हाय? तुला काय सांगू, आठ वर्षांनी तू मला टोमणा मारलास.

आज सकाळी जाऊन ती ओळ पुसली. माळाला सूत नसतं. जरा डावीकडे उतार आहे, मधे ओढ्याची खळगी आहे, लांब एका ठिकाणी बाभळींचा पुंजका. ओळ थोडी खालीही घेतली. आता खोलीत जमिनीवर बसलं की आपण गवतात बसलोय असं वाटतं, आणि नराचं डोकं आभाळावर येतं. ताई आल्या, बूट काढले, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळी भिंत बघितली. मग म्हणाल्या, "काका, अजून जनावर काढलं न्हाई तरी ते येईल असं वाटतंय." मला कुणी एवढं मोठं सर्टिफिकेट दिलेलं नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल. ते पुस्तक नाही. ती तुझी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची, चित्रकलेच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाची. तुझ्या पेटीत होती. पेटी मी उघडली. विचारायला पाहिजे होतं, पण विचारणार कसं?

चित्रं तर आहेतच, पण मी शिकलो ते तुझ्या कडेच्या बारीक अक्षरांवरून. 'आधी लांबचं, मग जवळचं, जनावर मधे, आणि गवत सगळ्यात शेवटी, पायांवरून.' हे वाचलं तेव्हा मी वही मिटून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आपण कायम जनावर शेवटी चढवतो. म्हणूनच ते टांगलेलं दिसतं. एकदा पायांवरून गवत ओढलं की जनावर जमिनीत उतरतं. एवढी साधी गोष्ट!

'पोट पांढरं नसतं, गवताचा उजेड खालून पोटावर येतो.' मी दुर्बिणीतून बघितलं. येतो. हळद लागल्यासारखं पोट दिसतं.

'काळा डबा उघडायचा नाही.' मी काळा डबा माळ्यावर टाकला. गडद निळ्यात तपकिरी मिसळून नराची पाठ केली. ती पाठ जिवंत झाली, राजेश्वरी. काळ्याने मी ती पस्तीस वर्षं मारत होतो.

वहीत मागून चौथ्या पानावर शिडीवर चढलेला एक माणूस आहे. पाठमोरा, तळहाताएवढा, आणि समोर केवढीतरी भिंत. खाली लिहिलं आहे, 'अण्णा काठी टेकवतात तेव्हा श्वास धरतात.' हे मला माहीत नव्हतं. ते पान मी रोज बघतो.

गवताच्या रंगाचं अजून जमलेलं नाही. पिवळ्यात जरासा पांढरा आणि किंचित जांभळा टाकतो तेव्हा जवळ येतं. बरोबर आहे का? आईकडे सांगितलंस तरी चालेल.

अण्णा


जामखेड
रविवार, १२ जानेवारी २०२५

राजेश्वरी,

'मातीचा लाल टाकायचा, जांभळा कमी.' निरोप मिळाला. टाकला. झालं! माळ जसाच्या तसा झाला. ताईंनी भिंतीला नाक लावून वास घेतला, खोटं नाही सांगत.

नऊ जनावरं बसली आहेत. एक खोकड आहे, ते ताईंच्या हट्टाखातर. उरलेलं काम आठ दिवसांचं आहे आणि मी वेळेच्या पुढे आहे. एवढ्या आनंदात हे पत्र लिहायला नको होतं, पण आनंदात असतानाच लिहवेल, नाहीतर राहून जाईल.

वस्तीवरच्या शाळेच्या भिंतीवरून तू घर सोडलंस, त्याबद्दल मी आजवर लोकांना काय काय सांगितलं ते आधी सांगतो. राजेश्वरी पुण्याला नोकरीला गेली, असं सांगितलं. स्थळं बघायला लागलो म्हणून रागावली, असंही सांगितलं. हे दुसरं मी एवढ्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. तुझ्यासाठी मी एकही स्थळ बघितलेलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वी त्या जानेवारीत तू शाळेची भिंत रंगवून पुरी केलीस आणि दोन दिवसांसाठी कॉलेजला गेलीस. सव्वीस तारखेला झेंडावंदन आणि भिंतीचं उद्घाटन. पंचवीस तारखेला दुपारी सरपंच श्रीमंतराव बघायला आले. चष्मा पुसला, परत लावला.

"पेंटर, हरीण कुठंय?"

"आहेत की. ते बघा, बाभळीपाशी. तीन आहेत."

"ती? आरं, पोरांना दुर्बीण वाटायची का मग? भिंत मोकळीच दिसती सगळी. काहीतरी भरा तिच्यात."

हे आईला सांगितलं, तुलाही तेव्हा ओरडून सांगितलं. गिऱ्हाईकाचं म्हणणं होतं, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता, माझा नाइलाज होता. हे सगळं घडलं. खोटं त्यात काही नाही.

फक्त एक मी कुणाला सांगितलेलं नाही. सरपंच आले तेव्हा माझा ऑइल पेंटचा डबा आधीच उघडलेला होता.

सकाळी रंभाजी धनगर मेंढरं घेऊन शाळेवरून चालला होता. भिंत बघून थांबला. मग खाली बसला. मेंढरं पार पुढे बांधावर गेली, तरी हा बसलेला. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "गप ऱ्हा. उठत्याल ती." तुझी हरणं उठतील म्हणून तो मला गप्प बसवत होता.

मी सबंध जामखेड रंगवलेलं आहे. माझ्या बोर्डापुढे लोक थांबतात, वाचतात आणि दुकानात जातात. खाली कुणी बसलेलं नाही. मी घरी आलो आणि डबे काढले. त्यात श्रीमंतरावांनी येऊन मला फक्त कारण दिलं.

संध्याकाळपर्यंत मी तीन हरणं चढवली. पुरुषभर उंच, फांद्यांची शिंगं, चार-चार खूर. एक तर मादी होती आणि तिलाही शिंगं. कोपऱ्यात रिवाजाप्रमाणे 'पेंटर बिभीषण' आणि खाली मोबाईल नंबर. तू सकाळी एसटीतून उतरून थेट शाळेत आलीस. सगळे टाळ्या वाजवत होते. तू भिंतीकडे बघितलंस, नाव वाचलंस, आणि मी ओरडत राहिलो तरी एक शब्द बोलली नाहीस. बॅग खाली ठेवलेलीच नव्हती, तशीच घेऊन परत गेलीस.

तू बरोबर होतीस. चित्रात तर होतीसच. हे लिहायला मला आठ वर्षं लागली आणि त्यासाठी अठरा फुटांची दुसरी भिंत लागली.

मी उत्तर मागत नाही.

अण्णा


जामखेड
रविवार, २६ जानेवारी २०२५

राजेश्वरी,

तुझी हरणं आहेत! भिंतीवर आहेत, तिन्हीच्या तिन्ही! वस्तीच्या शाळेच्या रश्मीबाईंनी गुरुवारी मधल्या सुट्टीत फोन केला, आणि मी त्याच पावली गेलो. आता डोळ्यांनी बघितलं. हात धुऊन, चष्मा लावून बघितलं. आहेत.

झालं असं. शाळेला नवीन रंग मंजूर झाला आहे. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस माप घ्यायला आला, त्याने भिंतीवर नख मारलं तर माझ्या हरणाच्या पोटाचा ताटलीएवढा पोपडा निघून आला. पोरांनी मग उरलेला उद्योग केला. पोपड्याखाली गवत निघालं. बाई नव्या आहेत, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, कुणी भिंतीत चित्र पुरून ठेवलं आहे. कोपऱ्यातल्या नंबरावर त्यांनी फोन लावला. आठ वर्षांत त्या नंबरामुळे आलेलं हे पहिलं काम!

"काका, खालचं चित्र कुणाचं?"

"माझ्या मुलीचं."

"मग वर हे कुणी केलं?"

"मीच."



पोपडे का निघाले ते तू ओळखलं असशील. जुन्या रंगावर ऑइल पेंट चढवायचा तर आधी सँडपेपरने घासावं लागतं, मग प्राइमर. शिकाऊ पोरालाही हे कळतं. त्या दिवशी मी सँडपेपर हातात घेतला होता. रंभाजी जिथे बसला होता तिथे उभा राहून, तुझ्या हरणांवर तो ठेवला. आणि घासायला हात झाला नाही. तसाच वरून रंग मारला. पस्तीस वर्षांत न घासता, प्राइमर न मारता केलेलं ते एकच काम. ते कच्चं राहणार हे मला माहीत होतं. बरं झालं, असं मी त्या दिवशी मनात म्हणालो होतो का, ते आता नक्की आठवत नाही. म्हणालो असेन, असं वाटतं.

तीन दिवस मी पुट्टीच्या पट्टीने माझीच हरणं सोलतोय. भिंतीवर पश्चिमेचं ऊन येतं, त्याने ऑइल पेंट असा वाळलाय की पापडासारखा उठतो. पट्टी आडवी धरायची, दाबायचं नाही. खालून आधी आभाळ निघालं, मग बाभळी, आणि शुक्रवारी दुपारी पहिल्या हरणाचा कान. मी शिडीवरून खाली उतरलो. घाई झाली की सोलायचं नाही, एवढं मला आता कळतं.

रंभाजी आला होता. आता काठी घेऊन चालतो. मी बाजूला झालो. त्याने बघितलं आणि म्हणाला, "म्या म्हणलं हुतं ना, आतच हायती. तूच लई आरडाओरडा केलास, म्हणून दडली हुती."

शाळेची पोरं भिंतीसमोर उकिडवी बसून हरणं शोधतात. एकीला तिसरं सापडलं तर ती नाचायला लागली. तुला सांगू का, तिकडे अभयारण्यातही तेच. माझी भिंत बुधवारी पुरी झाली, ताईंनी पास केली. काल पहिली सहल आली. ताई पोरांना सांगतात, "यात किती जनावरं आहेत?" पोरं नऊ म्हणतात, दहा म्हणतात, भांडतात. अकरावं कुठे आहे ते मी ताईंनाही सांगितलेलं नाही. दुर्बीण कुणालाच लागली नाही, श्रीमंतरावांना कुणीतरी कळवा.

आता अडचण. सोलताना काही ठिकाणी तुझा रंगही पोपड्याबरोबर आला. डावीकडच्या हरणाचा मागचा पाय गेला आहे, आणि त्याच्याखाली पाच-सहा हात गवत. रश्मीबाई चांगल्या आहेत, पण त्यांचंही खरं आहे. म्हणाल्या, "काका, अर्धवट भिंत मला ठेवता येणार नाही. कॉन्ट्रॅक्टर सोमवारी, दहा फेब्रुवारीला येतोय. त्याच्या आत ज्यांचं चित्र आहे त्यांनी नीट केलं तर मी भिंत वगळायला सांगते. नाहीतर तो कार्टूनचा ससा आणि हत्ती काढणार."

गवत मला आता येतं. रंग जुळवता येतो, तूच शिकवलास. पाय तर मी डोळे मिटून काढीन. काल तिथे झिजका ब्रश माझ्या हातात होता, रंग कालवलेला होता, आणि आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी ब्रश धुऊन ठेवला.

अण्णा


जामखेड
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

राजेश्वरी,

तू आईला विचारलंस की रविवारी पुण्याची पहिली गाडी जामखेडला किती वाजता लागते. आईने मला विचारलं. मी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीत विचारलं, परत येऊन आईला सांगितलं, आईने तुला सांगितलं. साडेअकरा. घोडेगावजवळ रस्त्याचं काम चालू आहे असं कंडक्टर म्हणाला, पण ती वाट आपली नव्हे. त्यामुळे साडेअकराच.

कशाला येतेयस हे तू सांगितलेलं नाहीस आणि आई विचारत नाही. ती सकाळपासून शेंगोळ्याचं पीठ दळून आणायच्या मागे आहे. मला म्हणाली, "तुमी स्टँडवर जाऊ नका. तिथं रडाल, अन् ती तशीच माघारी जाईल." म्हणून आई एकटी येईल. मी शाळेत असेन.

रश्मीबाई रविवारी किल्ली देणार आहेत. दुपारी दोननंतर भिंतीवर ऊन येतं, म्हणून आधी गवत घेतलंस तर बरं, पाय नंतर. नको, तुझं तू ठरव. वहीत 'गवत शेवटी' असंच आहे.

सामान खिडकीत मांडून ठेवलं आहे : तुझी निळी वही, चार झिजके ब्रश, चुलीतून परत आणलेला धरून, एक नवा बारीक, मातीचा लाल, गडद निळा, तपकिरी, पिवळा, पांढरा. काळा आणलेला नाही. पाणी हौदाचं नको, त्यात खार आहे. मी घरून दोन कॅन भरून आणीन. शिडी लाकडी आहे, जराशी हलते. ती मी धरीन.

माझी तिन्ही हरणं निघाली आहेत. शिंगांचा एक तुकडा रश्मीबाईंनी आठवण म्हणून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. भिंतीवर माझं आता एवढंच उरलंय : उजवीकडे खालच्या कोपऱ्यात 'पेंटर बिभीषण' आणि दहा आकडे. तेवढं मी सोललेलं नाही. त्याच्याखाली तू तुझं नाव लिहिलं होतंस, फार बारीक, गवतात. मला ते माहीत होतं. मी नेमकं त्याच्यावरच माझं लिहिलं.

पुट्टीची पट्टी ब्रशांच्या शेजारी ठेवली आहे. आडवी धर, दाबू नकोस. एका ओढीत निघेल.

अण्णा